मोकळीक नावाची खोली

तुम्ही मला फसवलंत. आडून नाही, अंधारात नाही. भर उजेडात, समोर बसवून, पाण्याचा ग्लास स्वतःच्या हातानं पुढे सरकवून फसवलंत, आणि वर माझ्या कामाचं कौतुक केलंत. तुम्हाला सगळे साहेब म्हणतात. मीही म्हणत आले. आता म्हणणार नाही. हे तुमच्या तोंडावर बोलायला मी आज आले होते, पण तुमच्यापाशी पोचायच्या आत माणसाला हळुवारपणे बाहेर काढायची जी सोय तुमच्याकडे आहे ती मीच करून दिलेली आहे, आणि ती उत्तम चालते. म्हणून लिहितेय. भाषेचे नखरे मला जमत नाहीत. मी ऑफिसं आतून कशी असावीत ते ठरवते. भिंत कुठे, खिडकी कुठे, खुर्ची किती उंच. कुठल्या कॉलेजात शिकले नाही. फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना पलंगाची चित्रं काढून दाखवता दाखवता शिकले. पण दार कुठल्या बाजूला उघडावं हे मला कळतं. निदान परवा दुपारपर्यंत कळत होतं.

परवा दुपारी माझी वहिनी अवेळी घरी आली. मी जेवणाच्या टेबलावर एका दवाखान्याचा नकाशा पसरून बसले होते. कुलपात किल्ली फिरली, मला वाटलं दादा काहीतरी विसरला. वहिनी होती. एका हातात तिच्या टेबलावरची कुंडी, दुसऱ्या खांद्यावर ती शाल, जी तुमच्या ऑफिसातल्या गारठ्यासाठी ती बारा महिने खुर्चीवर टाकून ठेवायची. तिनं कुंडी आणून माझ्या नकाशावर ठेवली. बरोब्बर मध्यभागी. बुडाला लागलेल्या ओल्या मातीचं वर्तुळ कागदात पसरायला लागलं, दवाखान्याचा व्हरांडा त्यात बुडाला, आणि मी ओरडणार एवढ्यात ती म्हणाली, "तुमचं दुसरं दार छान उघडतं हो, मॅडम. जरासुद्धा वाजत नाही."

मी हसले. हे लिहून ठेवायला हवं, की मी हसले. कारण वहिनी मला कधी सरळ हाक मारत नाही. या घरात आल्यापासून तिनं मला 'वन्सं' केलं आणि तेही नाटकातल्यासारखं, हात कमरेवर ठेवून: "उठा वन्सं, ऊन डोक्यावर आलं, मला छळायला कोणी नको का?" आम्ही जवळजवळ एका वयाच्या. आई गेल्यावर घरात बाईमाणूस म्हणून आम्ही दोघीच, आणि तिनं मला कधी पोरकं वाटू दिलं नाही ते या 'वन्सं'च्या जोरावर. रागावली तरी वन्सं, लाडात आली तरी वन्सं. त्यामुळे 'मॅडम' ही नवी थट्टा असणार असं वाटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नुकताच गिलावा केलेली भिंत असते ना, ओली, सपाट, बोट लावलं तर ठसा उठेल अशी, तसा तो दिसत होता.

"काय झालं?"

"मोकळीक झाली माझी," ती म्हणाली.

तेव्हाही मला कळलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे रडलीस? कशाबद्दल? कोणी काही बोललं का?" ती माझ्याकडे बघत राहिली. एखादा चोर पकडल्यावरही आपल्यालाच किती वाजले ते विचारतो तेव्हा त्याच्याकडे बघावं तशी. मग आत जाऊन नळ सोडला. तो बराच वेळ चालू होता, आणि नळाखाली ती काय करत असणार हे मला पक्कं माहीत होतं, कारण हीच गोष्ट तिनं मला सांगितली होती आणि त्याच गोष्टीतून तुमची ती खोली जन्माला आली होती.

आठवतंय तुम्हाला? पहिल्याच भेटीत तुम्ही म्हणालात, माणूस मध्यभागी ठेवून ऑफिस बांधायचंय. इमारत दिमाखदार नको, माणसाला बरं वाटेल अशी हवी. त्याचं मन, त्याचं आरोग्य. मला केवढा आनंद झाला! तोवर भेटलेल्या सगळ्यांना आधी स्वागतकक्षातला दगड कुठला ते ठरवायचं असायचं. माणूस मध्यभागी. सावजसुद्धा मध्यभागीच ठेवतात, भोवती कडं करून, हे तेव्हा सुचलं नाही. घरी येऊन मी नाचले होते. दादा म्हणाला, "नोकराला बरं वाटावं म्हणून पदरचं घालणारा मालक? जरा चिमटा काढून बघ, जागी आहेस का." वहिनी त्याच्यावर डाफरली, "तुमचं तोंडच असलं. असतात चांगली माणसं. मी बघते ना रोज, नमस्कार केला तर थांबून विचारतात." तुमची बाजू घेणारी आमच्या घरात ती एकटी होती. ध्यानात असू द्या.

माझी काम करायची एक रीत आहे. काय हवं, असं मी लोकांना विचारत नाही. विचारलं की सगळे खिडकी मागतात, नाहीतर कॉफीचं यंत्र. मी विचारते, रडू आलं तर कुठे जाता? सुरुवातीला माणूस हसतो. मग इकडेतिकडे बघतो. मग खरं सांगतो, आणि त्या एका उत्तरात इमारतीची सगळी दुखणी येतात. तुमच्या जुन्या ऑफिसात मी टेबलाटेबलाशी जाऊन हेच विचारलं. कोणी लिफ्टमध्ये जायचं, मजले उगाच वरखाली करायचं. कोणी खाली गाडीत बसून काचा वर करायचं. विक्री विभागातला एक गलेलठ्ठ गृहस्थ, त्याला सगळे पैलवान म्हणायचे, मला म्हणाला, "मी डब्याच्या वेळेची वाट बघतो. मग मोठ्यांदा म्हणायचं, आईशप्पथ काय मिरची लागली! आणि घ्यायचं रडून सगळ्यांसमोर. पाणीसुद्धा आणून देतात लोक." हे सांगताना तो इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारचा म्हणाला, "काय रे, आज बिनमिरचीचंच?"

त्या रात्रीच्या जेवणाला वहिनीनं मला डिवचलं. "काय वन्सं, साऱ्या जगाला विचारून झालं, घरच्यांना नाही विचारणार?" मी विचारलं. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, "मी बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते. पाण्याच्या आवाजात ऐकू जात नाही. पण फार वेळ सोडता येत नाही ना, बाहेर रांग असते. म्हणून भराभर रडावं लागतं. घाईघाईत जेवल्यासारखं. पोट भरत नाही आणि ढेकरही येत नाही." दादानं घास खाली ठेवला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. "अगं, एवढं काय असतं रडण्यासारखं?" तो म्हणाला. "काही नसतं हो. एखादा आकडा जुळत नाही, वरचा चारचौघांत काहीतरी बोलतो, घरी आजारपण असतं. एवढंसंच. पण जरा मोकळं व्हायला जागा नाही त्या इमारतीत."

मोकळं व्हायला जागा. शब्द तिचा आहे. मी तो उचलला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे ठेवला.

तो दिवस मी परवापासून उलटसुलट करून बघतेय. खिसा उलटा करून झटकावा तसा. तुमची मोठी खोली, पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर, भोवती तुमची माणसं. मी सगळं दाखवलं: कोणाचीही पाठ वाटेकडे येणार नाही, कारण मागून कोण येतंय ते कळलं नाही तर मान दिवसभर ताठ राहते, उजेड बाजूनं येईल, बोलण्याचा आवाज छताला चिकटून राहील. तुम्ही मान डोलावत होतात. मग मी ती छोटी खोली दाखवली. म्हणाले, ही माणसाला मोकळं होता यावं म्हणून. काच नाही, कॅमेरा नाही, घड्याळ नाही. कोणी शिष्टपणे हसलं. तुम्ही नाही हसलात. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, मॉडेलवर वाकलात, आणि तुमचं बोट त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर टेकलं. अजून दिसतं मला ते. नख नीट कापलेलं, पांढऱ्या पुठ्ठ्यावर थोडं थबकलेलं. म्हणालात, "आत गेलेला माणूस परत याच वाटेनं येणार? सगळ्यांच्या समोरून?"

एवढी टेबलं फिरून, एवढी उत्तरं गोळा करून हे मला सुचलं नव्हतं आणि तुम्हाला सुचलं. रडून झालेल्या माणसाला सुजलेले डोळे घेऊन साऱ्या हॉलमधून चालत जायला लागणार. मी म्हणाले, "बरोबर आहे. लोकांसमोरून जाताना अवघडल्यासारखं होईल. मागे जिना आहे, तिथे दुसरं दार देऊ." आणि तुम्ही मागे टेकलात आणि म्हणालात, "उत्तम. माणसाला मोकळं करायला अशी जागा हवीच होती."

मी 'होता' म्हणाले होते, तुम्ही 'करायला' म्हणालात. मी ते ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि मनातल्या मनात दुरुस्त केलं. मोठ्या माणसांची मराठी इंग्रजीतून येते, क्रियापदं कशीही पडतात, असं म्हणून मी कौतुकानं हसले. लहान पोराचा बोबडा शब्द आई सुधारून घेते तसा मी तुमचा शब्द सुधारून घेतला आणि भिंतीला भोक पाडलं. मोकळं होणं आणि मोकळं करणं. पहिल्यात माणूस आपला आपण हलका होतो. दुसऱ्यात त्याला कोणीतरी सोडतं: गाय दाव्यातून मोकळी करतात, भाडेकरू खोलीतून मोकळा करतात, आणि नोकर नोकरीतून. मला वाटलं होतं एका क्रियापदाचा फरक. तो माणसाचा फरक होता.

मग मी त्या खोलीवर जीव ओतला. तिला नाव दिलं मोकळीक, दारावर लहान लाकडी अक्षरांत. भिंतींना आतून जाड लोकर दिली, की कोणी हुंदका दिला, ओरडलं, भिंतीवर मूठ आपटली तरी बाहेर चाहूल लागू नये. दिवा पिवळसर आणि खाली, की डोळ्यांची सूज दिसू नये. खुर्च्यांसाठी मी दुकानं पालथी घातली. मला हवी होती बसल्यावर आत ओढून घेणारी, खांदे सैल पाडणारी. दुसऱ्या दाराला असा दट्ट्या लावला, की ते श्वास सोडल्यासारखं मिटावं. सुतार म्हणाला, "बाई, बाहेरून मूठ कुठली लावू, पितळी की साधी?" मी म्हणाले, "बाहेरून मूठच नको. आत कोणी रडत असेल आणि जिन्यातून येणाऱ्यानं चुकून उघडलं तर?" तो म्हणाला, "म्हणजे गेला तो गेलाच." आम्ही दोघं हसलो.

पहिले काही महिने खोली माझी होती. वहिनी घरी येऊन बातम्या द्यायची. पैलवान चहाच्या वेळेला आत गेला आणि बाहेर आला तो शीळ वाजवत. एक मुलगी आत जाऊन चक्क झोपली. वहिनी स्वतः गेली, माझ्या आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, आणि रात्री मला म्हणाली, "आज सावकाश रडले बघ. पोटभर." सगळ्या जन्मात मला मिळालेली ती सर्वात मोठी पावती. आणि मग ऑफिसात एक बोलणं रूढ झालं. वहिनी भांडी लावता लावता म्हणायची, "आज दोघांची मोकळीक झाली." मी म्हणायचे, "वा!" एकदा म्हणाली, "तुझ्या खोलीत हल्ली फार वर्दळ आहे गं." मी नकाशातून मान वर न काढता म्हणाले, "बरं झालं. वापरतात तरी." तिच्या हातातली ताटली ओट्यावर जरा जोरात टेकली. मला वाटलं निसटली.

आता कळतं ते असं, की ती मला बातमी देत होती माणसं काढल्याची आणि मी वा म्हणत होते. तुमच्या लोकांनी तो शब्द थट्टेनं उचलला होता, बिचाऱ्यांनी, मेल्याला 'सुटला' म्हणावं तसा. 'फार बोलू नकोस, मोकळीक होईल.' 'अमक्याची मोकळीक झाली.' वहिनीला वाटलं खोली मी बांधली तर शब्दाचा अर्थ मला ठाऊक असणार. मला वाटलं शब्द तिनंच दिला तर अर्थ तोच असणार. एका छपराखाली, एका टेबलाशी, रोजच्या जेवणाला आम्ही दोघी एकच शब्द बोलत होतो आणि त्या शब्दाच्या आत तुम्ही घर बदललं होतं.

परवा नळ बंद झाल्यावर ती बाहेर आली. दादाही तोवर धावत आला होता, तिनं फोन केला असावा. ती खुर्चीवर न बसता उभ्यानंच सांगायला लागली, त्याला, माझ्याकडे न बघता. एचआरच्या बाई तिच्या टेबलाशी आल्या. त्यांना सगळे मऊबाई म्हणतात, आवाज इतका मऊ, की काय म्हणाल्या ते घरी गेल्यावर टोचायला लागतं. "जरा मोकळीकीत बसू या का, निवांत बोलू." ती उठून गेली. खुर्चीत बसली. "ती खुर्ची आत ओढते हो," वहिनी दादाला म्हणाली. "त्यांनी सांगितलं आणि मला वाटलं उठावं, तोंडावर दोन शब्द बोलावेत. पण त्या खुर्चीतून उठताच येत नाही. आधी पुढे सरका, हातांवर जोर द्या, पदर सावरा, गुडघे कुरकुरतात. तोवर राग अर्ध्या वाटेवर थकतो. मग मी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले. पण त्या भिंती गिळतात ना आवाज. मला माझंच ओरडणं ऐकू आलं नाही. वाटलं, मी ओरडलेच नाही की काय." मग मऊबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. मग वहिनी म्हणाली, मी माझ्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांना भेटून येते. आणि मऊबाई म्हणाल्या, "कशाला उगाच? लोकांसमोरून जाताना अवघडल्यासारखं होईल. इकडून जा ना." दुसऱ्या दारापाशी तिची शाल आणि कुंडी आधीच आणून ठेवलेली होती.

लोकांसमोरून जाताना अवघडल्यासारखं होईल. हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं. तुमच्या टेबलाशी बोललेलं. ते तुम्ही जपून ठेवलंत, मऊबाईंना शिकवलंत आणि माझ्याच वहिनीच्या तोंडावर मारलंत.

दादा म्हणाला, "अगं, हिला काय माहीत असणार यातलं? ही आपली खुर्च्यांची उंची मोजत बसते."

"घ्या, घ्या बहिणीची बाजू," वहिनी म्हणाली. "मी रोज सांगत होते. दोघांची झाली, चौघांची झाली. बरं झालं म्हणाली. विचारा तिला, म्हणाली की नाही."

"मी म्हणाले, पण मला वाटलं..."

"दुसरं दार कशाला काढलंस?" आता ती माझ्याकडे वळली. "रडायला एक दार पुरतं की. मी इतकी वर्षं बाथरूमच्या एका दारावर भागवलं."

आणि मी खरं सांगितलं. घाबरून सांगितलं. "दार माझं नव्हतं गं. ते साहेबांनी सुचवलं."

ती अगदी हळू म्हणाली, "साहेबांनी सुचवलं. मग तर तुला तेव्हाच ठाऊक असणार."

'नव्हतं ठाऊक' हे उत्तर नाही, ते कोणीही म्हणतं. काल दिवसभर ती मला मॅडम म्हणत होती. "चहा ठेवलाय, मॅडम." "मॅडम, तुमचे कपडे वाळलेत." थट्टा नाही, राग नाही, ऑफिसात म्हणतात तसं. घराच्या आत ऑफिस आलं. मी स्वयंपाकघरात गेले की ती बाजूला सरकून वाट देते, आणि ते सरकणं मला सहन होत नाही. आम्ही दोघी त्या अरुंद ओट्यापाशी एकमेकींना कोपर मारत वावरलेल्या. कुंडी अजून टेबलावर आहे. तिला पाणी कोणी घालायचं हे ठरलेलं नाही, म्हणून कोणीच घालत नाही.

म्हणून आज सकाळी मी तुमच्याकडे आले. खाली नाव सांगितलं आणि वाटलं, अडवतील. उलट स्वागतावरच्या मुलीनं उठून हसून सांगितलं, "मॅडम, तुम्हालाच फोन करणार होते आज!" मऊबाई स्वतः न्यायला आल्या. हॉलमधून चालताना मी बघितलं. उजेड बाजूनं येत होता. कोणाचीही पाठ वाटेकडे नव्हती, त्यामुळे मऊबाई कुठे निघाल्यात हे प्रत्येकाला लांबूनच दिसत होतं, आणि जिथून त्या जात तिथलं टाइप करणं थांबे आणि गेल्या की पुन्हा सुरू होई. तेही मीच करून ठेवलंय. मागून कोण येतंय ते कळावं म्हणून. पैलवानाची खुर्ची रिकामी होती. हिशेबाच्या विभागात एका टेबलावर कुंडीचं वाळलेलं वर्तुळ उरलेलं होतं.

"साहेब कुठे आहेत?" मी विचारलं.

"येतील ना, बसू या तोवर," मऊबाई म्हणाल्या, आणि लाकडी अक्षरांचं दार ढकललं.

मी आत बसले. तुम्हाला सांगते, मी ती खुर्ची शोधली तेव्हा दुकानात बसून बघितली होती, पण तिथे मी मोकळी होते. इथे ती मला आत ओढून घेऊ लागली आणि माझे खांदे, माझी परवानगी न घेता, सैल पडले. पिवळा दिवा. भिंतींची लोकर. मऊबाई माझ्या गुडघ्याजवळ वाकून म्हणाल्या, "खूप चांगली बातमी आहे. साहेबांना ही खोली आपल्या सगळ्या शाखांमध्ये हवीय. अगदी अशीच. इतकी उपयोगी पडली ना आम्हाला! पूर्वी लोक आरडाओरडा करायचे, हॉलभर तमाशा, मागे राहिलेल्यांचं मन दिवसचे दिवस लागायचं नाही. आता बघा, कोणाला त्रास नाही. साहेब म्हणाले, त्या बाईंनाच द्या काम, त्यांना माणूस कळतो."

"माझी वहिनी," मी म्हणाले. "परवा तुम्ही जिला इथे बसवलंत ती माझी वहिनी."

"अय्या," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा चेहरा कळवळला. "मला ठाऊक नव्हतं हो. फार गुणी होत्या."

"मला साहेबांना एकच विचारायचंय. तोंडावर. हे दार त्यांनी सांगितलं तेव्हा..." आणि मी उठायला गेले. पुढे सरकले, हातांवर जोर दिला, गुडघे सावरले. वहिनी म्हणाली ते अक्षर न् अक्षर खरं. उभी राहीपर्यंत वाक्याचा शेवट कुठे गेला तेच सापडेना. मग मी ओरडले. ओरडले असं मला वाटतं. मऊबाईंनी डबा पुढे सरकवला. कागदी रुमाल गुलाबी होते. मी पांढरे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दमलायत. नंतर निवांत बोलू. साहेब आज खरंच फार कामात आहेत." त्यांचा तळवा माझ्या पाठीवर होता, न ढकलता ढकलणारा. "इकडून जा ना," त्या म्हणाल्या. "तिकडून कशाला, सगळे बघत बसतील."

आणि मी गेले. याची लाज तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण मी गेले. कारण माझे डोळे खरंच सुजले होते आणि हॉलमधून जायचं या कल्पनेनं मला खरंच अवघडल्यासारखं झालं. दार श्वास सोडल्यासारखं मिटलं. मागच्या जिन्याच्या चौथऱ्यावर मी उभी. खाली गाड्या लावायची जागा, रिकामी खोकी, एक मांजर. मी वळून दारावर हात फिरवला. गुळगुळीत. मूठ नाही. कडी नाही. फटसुद्धा अशी बसवलीय, की नख शिरत नाही. मी ठोठावलं. मग तळव्यानं मारलं. मग मुठीनं. जाड लोकर. आत चाहूल लागणार नाही याची काळजी मीच घेतली होती.

तिथे उभ्या उभ्या मला कळलं, की मला तुमच्याकडून माफी नकोच आहे. वहिनीची नोकरीही तुम्ही परत देणार नाही, आणि दिलीत तर ती तोंडावर फेकेल. तुमच्या शाखांमधली एकही खोली मी बांधणार नाही हे वेगळं सांगायची गरज नाही. बांधणारे ढीगभर मिळतील. मला हवी आहे एकच गोष्ट, जी जगात फक्त तुमच्याजवळ आहे. तुमचं बोट त्या पुठ्ठ्याच्या भिंतीवर टेकलं आणि थबकलं, तो क्षण. तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? रडून हलका झालेला माणूस, ज्याला तुम्ही लोकांच्या नजरांतून वाचवत होतात? तसं असेल तर खोली चांगली जन्मली आणि पुढे कोणीतरी नासवली. मग मी घरी जाऊन वहिनीला तसं सांगेन. ती मानेल, न मानेल. की तेव्हाच तुम्हाला तिथे मऊबाई दिसत होत्या, कुंडी दिसत होती, जिना उतरणारी माझ्या घरची बाई दिसत होती? तसं असेल तर पहिल्या दिवसापासून मी मोकळं होण्याची खोली बांधलीच नव्हती. मी टेबलाटेबलाशी हिंडून लोकांच्या रडण्याचे पत्ते गोळा केले आणि ते आणून शिकाऱ्याला दिले.

दादा म्हणतो, सोड, मोठ्या लोकांना स्वतःलाच आठवत नसतं. नाही. तुम्हाला आठवतं. माझं वाक्य तुम्हाला शब्दन् शब्द आठवलं, मग तुमचं स्वतःचं बोट आठवणार नाही?

मी घरी आलेय. वहिनी ओट्यापाशी उभी आहे, पाठमोरी. मी आत पाऊल टाकलं की ती बाजूला सरकेल, म्हणून मी उंबऱ्यात बसून हे लिहितेय. तिनं मला विचारलेला प्रश्न माझ्या हातात आहे आणि तो माझा नाहीच, तुमचा आहे. घ्या. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं का? होतं की नव्हतं? गोलगोल बोलू नका, मऊबाईंना पाठवू नका, खुर्ची देऊ नका. माणसाला मोकळं 'करायला' असं म्हणालात तेव्हा ते क्रियापद चुकलं होतं की तेवढंच खरं बोललात? सांगा. मी दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिथे मूठ नाही. आतून तुम्हालाच उघडावं लागेल.